नर्सचा सेवाभाव मोजता येतो का?

“सेवाभाव रक्तातच असावा लागतो, तो ना शिकवता येतो, ना मोजता,” असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे.

मनातली माया मोजता येत नाही, एवढं त्यात खरं. पण नैतिक काळजी हातांतून, बोलण्यातून दिसते, आणि दिसतं ते नोंदवता येतं. लघवीची नळी बसवण्याआधी पडदा ओढला का? “आजी, आता नळी घालते, थोडं झोंबेल, चालेल ना?” असं विचारून उत्तरासाठी थांबली का? प्रश्न असे ‘हो-नाही’चे हवेत. “प्रेमाने वागते का?” हा प्रश्न निरुपयोगी, कारण प्रत्येकाचं प्रेम वेगळं.

नर्सने स्वतः भरलेला फॉर्म पुरत नाही. स्वतःला कमी गुण कोण देईल? पेशंटला विचारावं, पण डिस्चार्जनंतर. खाटेवर असताना तो तिच्यावरच अवलंबून असतो.

नोंदी भरवशाच्या आहेत का, याचा पडताळा असा: दोन निरीक्षकांनी तेच 20 प्रसंग एकमेकींना न विचारता नोंदवायचे. समजा, 18 ठिकाणी मत जुळलं. 90 टक्के! पण दोघींनी 18-18 वेळा ‘हो’ लिहिलं असेल, तर निव्वळ योगायोगानेच 82 टक्के जुळणी अपेक्षित असते (दोघींचं ‘हो’ 0.9 × 0.9, दोघींचं ‘नाही’ 0.1 × 0.1, मिळून 0.82). तो भाग वगळून येणारा आकडा, म्हणजे संख्याशास्त्रातला ‘कप्पा’ (kappa; 1 म्हणजे पूर्ण जुळणी): (90−82) ÷ (100−82) = 0.44. मध्यमच. अशा वेळी दोष बहुधा संदिग्ध प्रश्नाचा असतो. तो बदलून पुन्हा नोंदी घ्यायच्या.

शिकवता येतं का, हेही याच प्रश्नांच्या यादीने कळतं: प्रशिक्षणाआधी एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा.