'साळंत' या शब्दाचे किती तुकडे?

मोबाइल फळ्याच्या कडेला टेकवून ठेवला होता. बीड जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग. एका मुलीने एआयला विचारलं, "कापसाचं पान लाल कशानं पडायलंय?" उत्तर लगेच आलं, छान शुद्ध मराठीत, पण पानं गळून का पडतात याचं. मग तोच प्रश्न मी पुस्तकी भाषेत टाइप केला, 'कापसाची पाने लाल का होतात?' आता लाल्याची, म्हणजे पानं लाल पडण्याच्या विकृतीची, कारणं बरोबर आली: मॅग्नेशियमची कमतरता, नत्राची कमतरता, रात्रीचं उतरलेलं तापमान. मुलगी म्हणाली, "सर, म्या बी तेच इचारलं व्हतं की."

तिने तेच विचारलं होतं. शाळांत एआय आणायचा की नाही यावर सध्या सगळीकडे बोललं जातंय. त्याआधी हे यंत्र मराठी वाचतं कसं, हे शिक्षकांना आणि पालकांना कळायला हवं असं मला वाटतं. मला तर हा सगळ्या एआयमधला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात. अक्षराचे आकडे करण्याची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट, म्हणजे एक आकडा लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. 'स्टुडंट' इंग्रजीत लिहिला तर ७ बाइट, आपला 'विद्यार्थी' १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. 'श' म्हणजे २२४, १६४, १८२. 'ळ' म्हणजे २२४, १६४, १७९. काना म्हणजे २२४, १६४, १९०. या तिघांचे पहिले दोन आकडे आडनावासारखे सारखेच, ओळख पटते ती तिसऱ्यावरून.

एवढे सुटे आकडे वाचत बसणं यंत्राला परवडत नाही. म्हणून वारंवार शेजारी येणाऱ्या जोड्या चिकटवून त्यांचा एक तुकडा करतात. त्याला टोकन म्हणतात. ही युक्ती फिलिप गेज यांनी १९९४ साली फायली लहान करण्यासाठी मांडली होती. २०१६च्या सुमारास ती यांत्रिक भाषांतरात आली आणि तिथून आजच्या एआयमध्ये.

वर्गात आम्ही हे चिठ्ठ्यांनी करून पाहिलं. बाइट बाजूला ठेवले, एका चिठ्ठीवर एक चिन्ह. शब्द तीन: शाळा, शाळेत, शाळेला. 'श' आणि काना शेजारी किती वेळा? तीन वेळा. चिकटवा: 'शा'. आता 'शा' आणि 'ळ'? तेही तीनदा. चिकटवा: 'शाळ'. 'शाळ' आणि मात्रा दोनदा, म्हणून 'शाळे'. आता 'शाळेत' दोनच तुकड्यांत बसतो, 'शाळे' आणि 'त'. व्याकरण कोणी शिकवलं नाही, तरी मोजता मोजता सामान्यरूप हाती आलं! हे फळ्यावर घडलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, साळंत?" स, काना, ळ, अनुस्वार, त. पाच चिठ्ठ्या सुट्याच्या सुट्या राहिल्या. आमच्याकडं मुलं 'शाळेत'साठी दिवसभर बोलतात तो हा शब्द छापलेल्या मजकुरात फारसा येतच नाही, मग त्याच्या जोड्या कुठून जमणार? तुकडे फार झाले एवढ्यानेच उत्तर चुकतं असं नाही. खरं मूळ मजकुराच्या टंचाईत आहे. जे कमी वाचलं त्याचे तुकडेही बारीक होतात आणि अर्थही कच्चा राहतो.

यात सुधारणा होतेय. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आणताना टोकनचा संच सुमारे एक लाखावरून दोन लाखांवर नेला. त्यांनीच दिलेल्या एका नमुना मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागत, ते ३३ वर आले. इंग्रजीत २७ चे २४ झाले. एआयच्या सेवेचे पैसे बऱ्याचदा टोकनवर मोजले जातात, म्हणजे त्या मजकुरापुरती मराठी आधी इंग्रजीच्या साडेतीन पट महाग होती.

इथे एक सांगायलाच हवं. आता पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता किती, एवढंच हे यंत्र मोजतं. त्याच्याकडून कुंडली काढून घेणारे, दहावीच्या मुलाचा निकाल विचारणारे पालक मला भेटतात. पैसेही भरतात. ग्रहांवरून भविष्य कळत नाही, ते मोबाइलने सांगितलं म्हणूनही कळत नाही.

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत, मातृभाषेत शिकवावं. मग यंत्राची परीक्षाही घरच्या भाषेतच व्हावी. शाळेसाठी एखादं ॲप घेण्याआधी त्याला मुलांच्या तोंडचे पन्नास प्रश्न विचारा, जसेच्या तसे, 'कशानं', 'करायलंय'सकट. शेतातले विचारा, पोटदुखीचे विचारा, गणिताचे विचारा. उत्तरं शिक्षकाने तपासावीत. वीज, नेट, वर्गात एकच मोबाइल, या अडचणी आहेतच. त्या सगळ्यांना दिसतात. ही भाषेची अडचण दिसत नाही.

आमच्या वर्गाने आता एक वही घातली आहे. घरचे शब्द त्यात लिहायचे, समोर अर्थ आणि एक वाक्य. हुरडा, तिफण, कडबा झाले. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या एका मुलाने परवा 'कोयता' लिहिला. अर्थ दोन दिलेत. पहिला, ऊस तोडायचं हत्यार. दुसरा, मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी. वाक्य असं: 'आमच्या घरातून यंदा दोन कोयते चाललेत, आईबाप अन् दादा-वहिनी.'