चिकटवलं म्हणजे मिश्र माध्यम नव्हे

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत चक्कर मारली की चित्राखाली 'मिक्स मीडिया ऑन पेपर', म्हणजे कागदावर मिश्र माध्यम, अशी पाटी हमखास दिसते, आणि तिच्यासमोर कुणीतरी शेजारच्याला समजावत असतं, "म्हणजे कोलाज." माझ्या क्लासमधली मुलं हेच म्हणतात, त्यांचे आईवडीलही. प्रत्येक वेळी जीव तुटतो.

कोलाज तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत मासिकं कापून चिकटकाम केलेलं असतं. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवलं, भोवती दोर गुंडाळला, आणि कोलाज कलादालनात शिरलं. पाटीवर कोलाजला मिश्र माध्यम म्हटलं तर चालतं. पण प्रत्येक मिश्र माध्यम कोलाज नसतं. फ्रेंच चित्रकार देगाने मोनोटाइपच्या, म्हणजे पाटीवर शाईने चित्र काढून कागदावर उमटवलेल्या छापावर पेस्टलच्या रंगकांड्या चढवून कितीतरी चित्रं केली. त्यांत चिकटवलेलं काहीच नाही, तरी माध्यमं दोन आहेत.

खरी गल्लत इथे होते. चिकटवलेला तुकडा आपलं आधीचं आयुष्य घेऊन येतो. तो चित्रात येण्यापूर्वीच बोलत असतो. चारकोल, मेण, शाई यांना असं आधीचं आयुष्य नसतं. त्यांचा अर्थ ती एकमेकांना भिडतात तेव्हा तयार होतो.

क्लासमधल्या एका मुलीने 'प्रेम आणि व्यसन' हा विषय घेतला होता. पहिल्या चित्रात तिने क्वार्टरचं लेबल चिकटवलं, शेजारी लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा. विषय एका नजरेत कळला आणि नजर लगेच पुढे सरकली. जे सांगायचं ते लेबलानेच सांगून टाकलं होतं, तिच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी कात्री आणि गोंद काढून घेतला. तिने पांढऱ्या मेणबत्तीने जाड कागदावर पाठमोरा पुरुष काढला. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे तो दिसतच नव्हता. त्याच्या खांद्यावर ठेवलेला बायकोचा हात चारकोलचा, कोळसा पक्का धरून ठेवणारा फिक्सेटिव्हचा फवारा न मारलेला. मग सगळ्यावरून पातळ शाईचा ब्रश फिरवला. मेणाने पाणी झिडकारलं आणि पुरुष पांढराफटक उमटला, पाठीवर शाईचे थेंब तसेच मण्यांसारखे उभे. हाताचा चारकोल मात्र पाण्याबरोबर सुटला, वाहत मेणाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच साचला. हात झिजला, पाठ कोरडीच राहिली. शेवटी तिने ब्लेडने खांद्यावरचं मेण खरवडलं. खरवडलेला कागद शाई जास्त पितो, म्हणून पुन्हा ब्रश लावल्यावर तेवढाच खांदा बाकी सगळ्यापेक्षा काळा झाला.

व्यसनी माणसावर जीव लावणं काय असतं हे त्या खांद्यात होतं, आणि ते कुठूनही कापून आणता आलं नसतं.

म्हणून मिश्र माध्यमात आधी काय आणि नंतर काय, याला फार महत्त्व आहे. मेण आधी, पाणी नंतर. उलट केलंत तर मेण शाईवर नुसतं बसून राहतं, झटापट होतच नाही. ऑइल पेस्टलवर अॅक्रिलिक लावू नका, पापुद्रा सुटतो. अॅक्रिलिक सुकल्यावर पेस्टल खुशाल चढवा. कोलाजमध्ये क्रमापेक्षा मांडणी बघायची, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कडा उचकटताहेत का तेही.

अशा चित्राला ड्रॉइंग म्हणायचं की पेंटिंग, यावर मी वेळ घालवत नाही.

'मिक्स मीडिया' ही पाटी मात्र मला मनापासून आवडत नाही. तिने काहीच कळत नाही. त्या मुलीला मी पाटी अशी लिहायला लावली: 'कागदावर मेणबत्ती, चारकोल, शाई. खांदा ब्लेडने खरवडलेला.'