बिगारी (तमाशा फड)

तमाशाच्या ढोलकी फडाबरोबर (गावोगाव खेळ करणाऱ्या मंडळाबरोबर) हंगामभर फिरून तंबू, कनाती, रंगमंच, दिवे यांची उभारणी आणि चढ-उतार करणारा कामगार. मोठ्या फडात कलावंत, वादक, ड्रायव्हर, आचारी धरून शंभराच्या वर माणसे असतात आणि त्यांत बिगाऱ्यांचा भरणा बराच. तमाशावरच्या लिखाणात मात्र शाहीर, सोंगाड्या, नाच्या यांच्यावर पानेच्या पाने आणि बिगाऱ्यावर जेमतेम एक ओळ, असाच हिशेब दिसतो. संगीत बारी हा तमाशाचा दुसरा प्रकार कला केंद्रात एका जागी चालतो, त्याला हा फौजफाटा लागत नाही. फिरत्या फडाचे पान बिगाऱ्यावाचून हलत नाही.

हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात उतरतो. थंडीत नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबासारख्या मोठ्या यात्रा, चैत्रात गावोगावच्या जत्रा. जत्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे गावाने ठरवून दिलेले खेळ, घेण्यासाठी फड गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात (ता. जुन्नर, जि. पुणे) राहुट्या टाकतात आणि गावकरी तिथे येऊन घासाघीस करतात. ठरलेल्या तारखांची गावे एकमेकांजवळ असतीलच असे नाही. आज एका जिल्ह्यात, उद्या तिसऱ्याच, असा फेरा पडला की तो बिगाऱ्याच्या झोपेतून वसूल होतो.

गाडी गावात पोचली की आधी जमीन बघतात. मुरमाड माळावर पहार उसळून हाताला झिणझिण्या येतात, तर काळ्या रानात मेख सहज जाते आणि अवकाळीचा एक शिंतोडा पडला की तितक्याच सहज निघतेही. तंबूचा ताण सगळा दोरांवर असल्याने वारा सुटला की चालू खेळात बिगारी दोर धरून उभे राहतात. समोर वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, राजा फर्मान सोडत असतो, त्याची त्यांना फक्त आरोळी ऐकू येते. तिकिटाचा खेळ असेल तर कनातीभोवती गस्तही त्यांचीच. कनात खालून उचलून आत शिरणारी पोरे हा या धंद्यातला कायमचा तोटा. माणूस कमी पडला तर डोक्याला फेटा गुंडाळून शिपाई म्हणूनही उभे राहावे लागते.

सुपारीच्या गावात तिकीट नसते, पण रात्रीचा खेळ संपला म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा, म्हणजे गावकऱ्यांसमोर गाण्या-नाचाचा, कार्यक्रम होतो, दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. हजेरी संपल्यावर सामान ट्रकात चढते. भरण्याचा क्रमही ठरलेला: पुढच्या गावी जे आधी लागणार ते शेवटी चढवायचे. कलावंत बसने जातात. बिगारी गुंडाळलेल्या कनातींवर आडवे होतात. ट्रकातली त्यातल्या त्यात मऊ जागा तीच.

बैलगाडी आणि मशालींच्या काळात सामान थोडे होते. ट्रक, जनरेटर, ध्वनियंत्रणा आली तसा पसारा वाढला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर भोंगे बंद ठेवावे लागतात. काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट मिळते. पहाटेपर्यंत रंगणारा वग त्यामुळे आखडला. तिकिटाच्या खेळाचा, पूर्वी उजाडता उजाडता उतरणारा तंबू आता मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात उतरतो, आणि राहिलेली मेख सकाळी शेतकऱ्याच्या नांगराला लागते.

मजुरीचा मुख्य भाग म्हणजे उचल. हंगामाआधी मालकाकडून रक्कम घ्यायची आणि ती कामातून फेडायची. ऊसतोडीत चालते तीच रीत. जेवण फडाच्या चुलीवर. पावसाळ्यात बिगारी गावी शेतमजुरीला जातात.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. जत्रा रद्द झाल्या, खेळ बुडाले. उचल मात्र आधीच घेऊन खर्च झालेली होती आणि ती फेडायला हंगाम उरला नव्हता.