धनगरवाडा

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, गावठाणापासून दूर व बहुधा त्याहून बऱ्याच उंचीवर, गवळी-धनगर कुटुंबांनी वसविलेली लहान वस्ती. पुणे जिल्ह्यात मावळ, मुळशी, वेल्हे (आता राजगड) व भोर या तालुक्यांच्या पश्चिम कडेला अशा वस्त्या आढळतात. दक्षिणेकडे त्या सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांपर्यंत पसरलेल्या आहेत. वाडा सहसा मोजक्या घरांचा असतो. महसुली दप्तरात तो खालच्या खोऱ्यातील कुणबी-मराठा गावात मोडतो. घाटमाथ्यावर केवळ धनगरच राहतात असे मात्र नाही. वेल्हे तालुक्यातील मोहरी व सिंगापूर ही गावे थेट कोकणकड्याला लागून आहेत आणि बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ यांसारख्या अवघड घाटवाटांनी त्यांचा रायगडाच्या बाजूशी संबंध राहत आला आहे.

या प्रदेशातील जीवनाचे स्वरूप पावसाने ठरविले आहे. लोणावळ्यास वर्षाला सरासरी सु. ४,५०० मि.मी. पाऊस पडतो, ताम्हिणीच्या परिसरात त्याहूनही अधिक; तेथून पूर्वेला साठ-पासष्ट किमी.वरील पुणे शहरात तो जेमतेम ७५० मि.मी.च्या आसपास भरतो. एवढा पाऊस होऊनही बेसाल्टच्या उतारावर पाणी ठरत नाही. फाल्गुन-चैत्रात झरे आटतात व बायकांना दरीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरावे लागते.

या वस्त्यांच्या प्राचीनतेविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्रातील अनेक किल्ले, टाकी व हेमाडपंती देवळे ‘गवळी राजा’ने बांधली अशी लोकपरंपरा असून, एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरांनी ती जागोजाग नोंदविली आहे. काही अभ्यासकांनी हे गवळी राजे म्हणजे देवगिरीचे यादव असे मानले. इतरांनी ते त्याहून मागे नेऊन आभीरांशी जोडले, ज्यांचा राजा ईश्वरसेन याचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. मात्र राजवंशाचे गोपालक मूळ सिद्ध झाले, तरी त्यावरून आजच्या वाड्यांची वंशपरंपरा सिद्ध होत नाही. रायगडाच्या हिरकणीची कथा गडाला दूध पुरविणाऱ्या गवळ्यांचे चित्र उभे करते, पण तीही आख्यायिकाच असून तिच्या आधारे कालनिर्णय करणे धाडसाचे ठरेल. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांच्या अभ्यासातून रानातले पशुपालक व लागवडीखालील क्षेत्रातले शेतकरी यांच्यातील देवघेव अखंड व जुनी असल्याचे दाखविले. रा. चिं. ढेरे यांनीही विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले आहे. ही मते उपासनेच्या इतिहासाला प्रकाश देतात. वस्तीच्या इतिहासाला तितका नाही.

दुसरा वाद धनगर समाजातील त्यांच्या स्थानाचा आहे. मेंढ्या पाळणारे हटकर, विणकाम करणारे खुटेकर, म्हशी पाळणारे गवळी असे आपापसांत बेटीव्यवहार न करणारे अनेक गट धनगर या नावाखाली येतात. एकाच जातीची शकले होऊन हे गट झाले, असा समज पूर्वी रूढ होता. इरावती कर्वे यांनी जातींच्या घडणीविषयी मांडलेले मत याच्या उलट आहे: स्वतंत्र गट समान व्यवसायामुळे एका नावाखाली येतात. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा व परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गवळी-धनगरांच्या अभ्यासात या प्रश्नाला परिसराची बाजू जोडली. मेंढीच्या खुरांना सततची ओल सोसत नाही, म्हणून मेंढपाळ पर्जन्यछायेच्या कोरड्या पट्ट्यात राहिले. म्हशीला मात्र पाऊस, चिखल व दाट झाडी मानवते, म्हणून गवळ्यांनी घाटमाथा धरला. कागदोपत्री पुरावा विरळ असताना हे स्पष्टीकरण वंशकथांपेक्षा अधिक पटते.

याच अभ्यासातून पुढे आलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाडा पूर्वी एकाकी नव्हता. खोऱ्यात कुणबी भाताची शेती करीत व वरच्या सपाटीवर गवळी जनावरे राखीत. त्यामुळे दोघांत जमिनीसाठी चढाओढ नसे. दूध डोंगरावरून खाली नेईपर्यंत नासण्याची भीती, म्हणून ते विरजून डेऱ्यात घुसळीत, आणि लोणी वा तूप डोक्यावरून खाली नेऊन त्याच्या बदल्यात तांदूळ घेत. पुढे खव्याला शहरांतून मागणी आल्यावर काही ठिकाणी दूध जागेवरच आटवू लागले. त्यासाठी जळण अतोनात लागते.

शेती वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर होते. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, सावा, शेवटी कारळे, आणि नंतर काही वर्षे जमीन पड, असा क्रम असे. चढ तीव्र असेल तेथे नांगर चालत नाही, कुदळीनेच खणावे लागते. नाचणीच्या रोपासाठी राब भाजतात. उन्हाळ्यात रोपाच्या जागी शेण, त्यावर ऐन-किंजळीचा वाळलेला टहाळ, पातेरा व गवत असे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि वारा पडलेला पाहून आग लावतात. ती हळूहळू धुमसत राहिली पाहिजे, भडकली तर माती नीट भाजत नाही. भाजल्याने तणाचे बी मरते व राखेचे खत मिळते. टहाळासाठी झाडे खोडापर्यंत छाटली जातात, यावरून वनखात्याशी खटके उडत आले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली गेल्यावर फिरत्या शेतीचा वाव उत्तरोत्तर आकसला.

घर कारवी या झुडपाच्या काठ्यांच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. छप्पर पूर्वी गवताचे, आता बहुधा कौलांचे किंवा पत्र्याचे. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते व मग वाळते, तेव्हा कुडासाठी काठ्या मुबलक मिळतात. माणसे व जनावरे एकाच छपराखाली राहतात. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या पेंढ्यांचा आडोसा बांधतात. चुलीवरच्या माळ्यावर बियाणे व सरपण ठेवतात. धुरामुळे कीड लागत नाही आणि ओलही धरत नाही. मीठ, मिरची व तेल यांची बेगमी मृगापूर्वीच करावी लागते, कारण नंतर ओढे भरले की वाट बंद होते. आजाऱ्याला आजही काही वाड्यांवरून डोलीत घालून खाली आणावे लागते. मुले शिक्षणासाठी आश्रमशाळेत किंवा नातेवाइकांकडे ठेवली जातात.

वाघजाई, काळकाई, बापुजीबुवा ही स्थानिक दैवते असून त्यांच्या देवराया राखल्या जातात. वा. द. वर्तक व गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांची पाहणी केली.

वाड्याचा एकाकीपणा बराचसा विसाव्या शतकातील आहे. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१-२४ मध्ये सत्याग्रह झाला, तरीही धरण झालेच. भाटघरचे धरण त्याच सुमारास पुरे झाले. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार उडाला, आणि पुढे ते पुन्हा बांधण्यात आले. या जलाशयांखाली खोऱ्यांतील भातखाचरे गेली. काही शेतकरी पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत हलविले गेले, उरलेले डोंगराच्या उतारांवर चढले व तेथील झाडी तोडून शेती करू लागले. धरणाबरोबर आलेल्या रस्त्यांमुळे कोळशासाठीही लाकूड तोडले गेले. शहरांना वीज व पाणी पुरविणाऱ्या या व्यवस्थेत वाड्याने खालचा शेजारी व वरचे रान अशी दोन्ही गमावली, याची दखल पुण्याच्या लेखनात क्वचितच घेतली जाते.

धनगरांचा समावेश महाराष्ट्रात भटक्या जमाती (क) या प्रवर्गात आहे, अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. चराईसाठी व पड जमिनीच्या फेऱ्यानुसार जागा बदलत राहिलेल्या वाड्यांना एकाच ठिकाणचा असा पुरावा जुळविणे जड जाते.