प्रकाशझोताचे वाटप (नाट्यप्रधान भूमिकाखेळ)

अनेक समान महत्त्वाच्या पात्रांभोवती फिरणाऱ्या भूमिकाखेळात (म्हणजे खेळाडूंनी काल्पनिक पात्रांच्या वतीने बोलून मिळून गोष्ट रचण्याच्या खेळात) कथेचा रोख कोणत्या वेळी कोणावर राहावा आणि तो दुसऱ्याकडे केव्हा वळावा, हे ठरवणाऱ्या नियमांना व संकेतांना प्रकाशझोताचे वाटप म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ‘स्पॉटलाइट’ हाच शब्द रूढ आहे. प्रत्येकाला सारखी मिनिटे मिळाली की वाटप झाले, हा समज अपुरा आहे. प्रसंग कोण मांडतो, त्यात कोणाला बोलावतो आणि तो कोणाच्या होकार-नकारावर संपतो, या तीन अधिकारांची वाटणी वेळेच्या वाटणीपेक्षा अधिक निर्णायक ठरते.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. एक मत त्याचे मूळ युद्धखेळांत, म्हणजे काल्पनिक सैन्ये लढवण्याच्या खेळांत, शोधते. डेव्हिड वेझली यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात साधारणतः १९६९ च्या सुमारास ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ घेतला. त्यात खेळाडूंना सैन्याच्या तुकड्यांऐवजी एका काल्पनिक गावातील व्यक्ती वाटून दिल्या होत्या व प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे होते. पंचाने एकेकाला बाजूला घेऊन त्याची चाल ऐकावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात ताटकळलेले खेळाडू आपसांतच बोलू व व्यवहार करू लागले आणि प्रयोग फसला असे खुद्द वेझली यांना वाटले. एकाच पंचाचे लक्ष अनेकांत कसे वाटावे, हा प्रश्न येथे स्पष्टपणे दिसतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या पुढील काही आवृत्त्यांत संपूर्ण गटाच्या वतीने एकानेच पंचाला चाल सांगावी, असे सुचवले आहे, म्हणजे वाटपाचा प्रश्न तेथे प्रतिनिधी नेमून मिटवला होता. दुसरे मत दूरचित्रवाणीवरील बहुनायकी मालिकांकडे बोट दाखवते. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’सारख्या मालिकांत एकाच भागात अनेक कथासूत्रे समांतर चालत. मॅट विल्सन यांच्या २००४ मधील ‘प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स’ या खेळाने मालिकेची हीच चौकट उघडपणे स्वीकारली असून, त्यात प्रत्येक पात्राला भागागणिक १ ते ३ असे महत्त्व आधीच नेमून दिलेले असते आणि ज्या भागात ते ३ असेल तो त्या पात्राचा भाग मानला जातो. एकेकाला पाळी देण्याची पद्धत युद्धखेळांकडून आली असली, तरी अग्रस्थान आळीपाळीने फिरवण्याची कल्पना मालिकांकडून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांचा ‘आर्स मॅजिका’ (१९८७) हा भूमिकाखेळ मात्र या दोहोंत नीट बसत नाही. तेथे प्रत्येक खेळाडूकडे एकाहून अधिक पात्रे असतात व काही दुय्यम पात्रे सर्वांच्या सामाईक मालकीची असतात.

मराठी वाचकाला येथे विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’ची आठवण होणे साहजिक आहे, कारण त्या पद्धतीत सूत्रधार पदे म्हणून प्रसंग उभा करी आणि पात्रे बरेचसे संवाद उत्स्फूर्तपणे बोलत. साम्य ठळक आहे, संबंध मात्र नाही.

नियमबद्ध वाटपाचे सर्वांत तपशीलवार उदाहरण रॉबिन लॉज यांच्या ‘हिलफोक’ (२०१३) या खेळात आढळते. त्यात निवेदकासह (खेळ चालवणाऱ्या, पंचासारख्या व्यक्तीसह) प्रत्येकजण क्रमाने प्रसंग मांडतो व पात्रे, स्थळ, काळ सांगतो. नाट्यप्रसंगात एक पात्र याचक असते, दुसरे दाता. याचना वस्तूची नसून मान, क्षमा, प्रेम अशा भावनिक प्रतिसादाची असते. दात्याने ती मान्य केली तर दात्याला एक टोकन मिळते, नाकारली तर याचकाला. इंदूरच्या रामबागेतील एका काल्पनिक मराठी घरात धाकटी सून आत्याबाईंकडे दुकानाच्या कारभारात मान मागते आणि आत्याबाई तिलाच चहा ठेवायला सांगून विषय टाळतात, असा प्रसंग घेतल्यास टोकन सुनेकडे जाते. पुढे न बोलावलेल्या प्रसंगात शिरण्यासाठी तिला ते खर्चता येते. अशा रीतीने हरलेल्या पात्राकडेच झोत ओढून घेण्याची शक्ती साठत जाते. या रचनेचे खरे कौशल्य तेथे आहे. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या ‘फियास्को’त (२००९) निवेदकच नाही. ३ ते ५ खेळाडूंपैकी प्रत्येकाला दोन अंकांत मिळून ४ प्रसंग मिळतात आणि आपल्या पाळीला त्याने प्रसंगाची सुरुवात किंवा शेवट यांपैकी एकच ठरवायचा असतो. उरलेले इतर ठरवतात.

जालावर हा प्रश्न माध्यमानुसार बदलतो. ध्वनिसंवादात दोघे एकदम बोलले की दोघांचेही ऐकू येत नाही आणि डोळ्यांची खूण उपलब्ध नसते; त्यामुळे निवेदकाने नाव घेऊन विचारणे जवळजवळ अपरिहार्य होते. लेखी खेळात वेगाने टंकणारा पुढे राहतो. १९८९ च्या ‘टायनीमड’ या जालावर अनेकांनी मिळून लिहून खेळण्याच्या खेळानंतर वाढलेल्या मजकुरी खेळांत यावर दोन संकेत रुजले: सर्वांनी ठरलेल्या क्रमाने लिहिणे, किंवा एकदा लिहिल्यावर इतर तिघांचे लिहून होईपर्यंत थांबणे. दुसरा संकेत मोठ्या गटात सोयीचा पडतो, कारण एक खेळाडू जेवायला उठला म्हणून प्रसंग अडत नाही. दिवसाकाठी एखादीच नोंद होणाऱ्या संथ खेळात अडचण उलटी असते. तेथे झोत गैरहजर माणसावर अडकून राहतो.

इंदूरपुरते पाहता, रंगकर्मी बाबा डिके यांच्या नाट्यभारती या संस्थेपासून सानंद न्यास या संस्थेच्या प्रयोगांपर्यंत येथील मराठी रंगभूमीची परंपरा सुपरिचित आहे. भूमिकाखेळ हा मात्र अलीकडील तरुणांचा, घरगुती स्वरूपाचा छंद आहे. नाटकात काम केलेला खेळाडू अशा गटात लांब स्वगते घेऊ लागतो, हा धोका संभवतो. नाटकात वाक्यांचे वाटप संहितेने आधीच केलेले असते, येथे ते बोलता बोलता करावे लागते. गटात मराठी व हिंदी दोन्ही चालत असतील, तर जो ज्या भाषेत सहज बोलतो त्या भाषेतच त्याचा प्रसंग रंगवू देणे हाही वाटपाचाच भाग ठरतो; अन्यथा हिंदीत सफाईदार असलेला खेळाडू पाळी नसतानाही प्रसंग ताब्यात घेतो.