चालू तूट भरून देण्याची हमी : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

भाड्याने देण्यासाठी बांधलेली इमारत पूर्ण झाली तरी ती पहिल्या महिन्यापासून स्वतःचा खर्च भागवू शकत नाही. भाडेकरू टप्प्याटप्प्याने येतात. विमा, मालमत्ता कर, सुरक्षा, देखभाल आणि कर्जाचे हप्ते मात्र त्यांच्यासाठी थांबत नाहीत. या काळात उत्पन्न आणि खर्च यांत पडणारे अंतर हमीदार स्वतःच्या पैशातून भरून काढील, असे लेखी बंधन म्हणजे चालू तुटीची हमी. बांधकाम पूर्ण करून देण्याची हमी आणि कर्जफेडीची हमी हे याहून वेगळे करार आहेत. अमेरिकेत 1986 च्या कर सुधारणा कायद्याने अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी करसवलत सुरू केली. ती सवलत मिळवणारे तेथील गुंतवणूकदार विकासकाकडून चालू तुटीची हमी सर्रास घेतात, कारण प्रकल्प जप्तीत गेला तर पुढील करसवलत बुडतेच, शिवाय आधी घेतलेल्या सवलतीचा काही भागही परत करावा लागू शकतो.

हमीदार कोण होऊ शकतो, हा पहिला प्रश्न असतो. प्रकल्पासाठी स्थापन केलेल्या कंपनीकडे त्या इमारतीपलीकडे सहसा काहीच नसते, त्यामुळे तिची स्वतःची हमी निरुपयोगी ठरते. म्हणून मूळ कंपनीला किंवा प्रवर्तकाला व्यक्तिशः पुढे यावे लागते. त्यांच्याकडे ठरावीक निव्वळ मालमत्ता असावी लागते आणि ती हमीच्या मुदतीत टिकवावीही लागते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती हाताशी असलेली रोकड, कारण जमिनीत अडकलेल्या संपत्तीतून पुढच्या आठवड्याचा हप्ता भरता येत नाही.

हमीदाराने कर्जदात्याकडे किंवा गुंतवणूकदाराकडे करायच्या अर्जासोबत साधारणपणे मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, प्राप्तिकर विवरणपत्रे, बँक व गुंतवणूक खात्यांचे उतारे, मालकीच्या सर्व मिळकती व त्यांवरील कर्जे यांची यादी आणि कंपनी असल्यास संचालक मंडळाचा ठराव द्यावा लागतो. इतर प्रकल्पांसाठी आधीच दिलेल्या हमींची यादी विशेष काळजीने करावी. बाजार मंदावला की अनेक प्रकल्पांची तूट एकाच वेळी पुढे येते, आणि त्या वेळी एकच रोकड पाच ठिकाणी पुरत नाही. छाननी करणारा अधिकारी नेमके हेच तपासतो. प्रकल्पाच्या बाजूने मासिक उत्पन्न-खर्चाचा अंदाज, भाडेकरू भरण्याचे वेळापत्रक आणि भाड्याच्या बाजारपेठेचा अहवाल जोडला जातो.

कागदपत्रांची छाननी झाल्यावर अटींचा मसुदा येतो, आणि खरे लक्ष येथे द्यावे. समजा, एका महिन्यात भाडे 60 हजार जमा झाले, चालू खर्च 45 हजार आणि कर्जाचा हप्ता 30 हजार आहे. तूट 15 हजारांची झाली. पण छप्पर किंवा उद्वाहन बदलण्यासाठी दरमहा बाजूला काढायचे 4 हजारही करारातील व्याख्येत धरले असतील, तर हमीदाराला 19 हजार द्यावे लागतात. उत्पन्न प्रत्यक्ष जमा झालेले धरायचे की येणे असलेलेही, हेही व्याख्येतच ठरते. कमाल मर्यादा बहुधा सहा ते बारा महिन्यांचा चालू खर्च व हप्ते इतकी ठेवली जाते. मर्यादा नसलेल्या हमीवर स्वतंत्र वकिलाच्या सल्ल्याशिवाय सही करू नये. आधी राखीव निधी वापरायचा की थेट हमीदाराकडे मागणी करायची, मागणीपत्र मिळाल्यापासून किती दिवसांत पैसे भरायचे, आणि भरलेली रक्कम प्रकल्पाला दिलेले दुय्यम कर्ज समजली जाणार की भांडवल, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. दुय्यम कर्ज मानल्यास ती रक्कम बहुधा बिनव्याजी असते आणि मुख्य कर्जाचे हप्ते भागवून उरलेल्या पैशातूनच परत मिळते.

हमी मुदत संपली की आपोआप सुटते, असे अनेकांना वाटते. बहुतेक करारांत मुदतीबरोबर कामगिरीचीही अट असते : भाडेवसुली ठरलेल्या पातळीवर हवी आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न कर्जहप्त्यांच्या, उदाहरणार्थ, 1.15 पट सलग काही महिने राहायला हवे. त्यासाठी त्या महिन्यांची भाडेवसुली यादी, बँक उतारे आणि लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब जोडून मुक्ततेचा लेखी अर्ज करावा लागतो. मुक्ततापत्र हाती येईपर्यंत हमीदाराची जबाबदारी कायम आहे असे धरूनच त्याने आपली रोकड राखावी.