बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन आणि घड्याळाचा प्रश्न

सप्टेंबर २०१७ मध्ये नाशिकचं जिल्हा रुग्णालय देशभरच्या बातम्यांत होतं. ऑगस्टच्या एका महिन्यात तिथल्या नवजात शिशू कक्षात ५५ बाळं दगावली होती. काचेच्या पेट्या किती आणि एकेका पेटीत बाळं किती, यावर गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता. रुग्णालयाने सांगितलेल्या कारणांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि श्वसनाचा कमकुवतपणा हीही होती. ती मात्र मागे पडली.

अशा बाळासाठी पेटीच्या आधी, ते आईच्या पोटात असतानाच, करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. आईला द्यायचं स्टिरॉइडचं इंजेक्शन. औषध स्वस्त आहे आणि जुनंही. डोकेदुखी आहे ती ते नेमकं कधी द्यायचं याची.

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचा श्वास का अडतो, हे १९५९ मध्ये बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा थर या बाळांत पुरेसा तयार झालेला नसतो. ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटावी तसे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात आणि पुढचा श्वास घेताना बाळ दमून जातं. कारण कळलं, तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत गेला.

उपाय सापडला मेंढ्यांच्या गोठ्यात, तोही भलत्याच प्रश्नाच्या शोधात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स यांना प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात, हे हुडकायचं होतं. त्यासाठी ते गर्भातल्या कोकरांना स्टिरॉइड देत. मेंढीचे दिवस साधारण १४७ ला भरतात. एक कोकरू ११७ व्या दिवशी जन्मलं आणि चक्क श्वास घेत होतं. एवढ्या कोवळ्या कोकराची फुप्फुसं हवेने उघडायलाच नको होती. हे निरीक्षण १९६९ मध्ये छापून आलं. मग बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांना सोबत घेऊन लिगिन्स यांनी २८२ मातांवर बीटामेथासोन या स्टिरॉइडची चाचणी केली.

१९७२ च्या त्या निबंधातच आजच्या वादाचं बी आहे. श्वसनाचा त्रास स्टिरॉइड मिळालेल्या गटात ९ टक्के बाळांना झाला, दुसऱ्या गटात २५.८ टक्के. पण हा सगळा फरक एका लहान गटातून आला होता: ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली आणि आईला जन्माच्या किमान २४ तास आधी औषध मिळालेली बाळं. त्यांच्यात ११.८ विरुद्ध ६९.६ टक्के! औषधाला वेळ लागतो, हे पहिल्याच चाचणीने सांगितलं होतं.

तरीही डॉक्टरांनी ते उचलायला दोन दशकं घेतली. छोट्या छोट्या चाचण्या होत राहिल्या, एकेकटीचा निकाल डळमळीत वाटत राहिला. सगळ्यांचे आकडे एकत्र मांडल्यावर संशयाला जागा उरली नाही. अशा चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या बोधचिन्हावर याच चाचण्यांचा आलेख आहे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने शिफारस केली आणि चित्र पालटलं. पालटलं ते जरा जास्तच. एका कोर्सचा भर सात दिवसांनी ओसरत असेल तर दर आठवड्याला पुन्हा द्या, अशी टूम निघाली. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत वारंवार डोस मिळालेल्या बाळांना जास्तीचा फायदा दिसला नाही. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मात्र कमी भरला.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा धडा २०१५ चा. सहा देशांत झालेल्या ‘अॅक्ट’ चाचणीत नागपूर आणि बेळगाव परिसरातली गावंही होती. तिथे गावपातळीवरच इंजेक्शन देण्याचा प्रयोग झाला. अपेक्षा होती बालमृत्यू घटण्याची. झालं उलटंच: एकूण नवजात मृत्यू दर हजारी सुमारे साडेतीनने वाढले आणि मातांमधला जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. दिवसांचा अंदाज चुकत होता. औषध मिळालेल्या बऱ्याच बायकांची बाळंतपणं पूर्ण दिवसांनी झाली, म्हणजे गरज नसलेल्या बाळांना स्टिरॉइड गेलं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, दिवस नीट मोजून, २८५२ मातांवर पुन्हा तपासलं. नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध गावांतल्या प्रयोगातलंच होतं, डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड.

नाशिक जिल्ह्यात हे दिवस मोजणंच अवघड. सुरगाणा, पेठकडच्या बायका द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडच्या बागांत उतरतात. पाळीची तारीख विचारली तर उत्तर येतं, ‘छाटणीच्या टायमाला’. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झालेली असेल तर डॉक्टरांच्या हाती काहीतरी पक्कं असतं. नसेल तर पोटाच्या उंचीवरून अंदाज, आणि कुपोषित आईत तो हमखास फसतो.

दुसरी अडचण रस्त्याची. सुरगाण्याहून नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटर. पेठहून येताना सावळ घाट. कळा सुरू झालेली बाई १०८ ची वाट बघून जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत कित्येक तास गेलेले असतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच एएनएम सिस्टरलाही (गावच्या उपकेंद्रातली परिचारिका) २४ ते ३४ आठवड्यांत, पुढे पाठवण्याआधी, पहिला डोस देण्याची मुभा दिली. कोर्स असा: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, स्नायूत, दर १२ तासांनी, चार वेळा. दोन मिलिलिटरच्या कुपीत ८ मिलिग्रॅम असतं, तेव्हा दीड मिलिलिटर ओढायचं आणि उरलेलं टाकायचं.

‘चार डोस पुरे होणारच नाहीत, मग सुरू तरी कशाला?’ ही शंका अजूनही ऐकू येते. तिला उत्तर २०१७ मध्ये मिळालं. युरोपातल्या ११ देशांतल्या कोवळ्या बाळांच्या अभ्यासात काही तास आधी मिळालेल्या औषधाचाही मृत्युदरावर परिणाम दिसला. ज्यांना ते मिळालंच नाही त्यांना जन्माच्या तीन तास आधी दिलं असतं तर मृत्यू २६ टक्क्यांनी घटले असते, असा संशोधकांचा हिशेब. सुरगाण्याहून नाशिकला यायला साधारण तेवढाच वेळ जातो.

जागतिक आरोग्य संघटनेची अट मात्र आहेच: दिवस खात्रीचे हवेत, आईला संसर्ग नको, आणि बाळ जन्मेल तिथे त्याला श्वासाचा आधार देण्याची सोय हवी. उपकेंद्रात डोस देऊन बाईला तिथेच ठेवणं यात बसत नाही. डोस देऊन गाडीत बसवणं बसतं, आणि त्या वेळी रेफरल चिठ्ठीवर फक्त ‘डेक्सा दिलं’ असं न लिहिता किती वाजता दिलं तेही लिहायला हवं. वेळ नसली की पुढच्या वॉर्डातली सिस्टर एकतर पहिल्यापासून सुरू करते, नाहीतर दुसरा डोस राहून जातो.